शेवटच्याचा वेग

(ताज्या भागाचं लिखित रूप. बोललेलं बरंचसं तसंच ठेवलंय.)

बोलतोय जिंतूरहून. सुरुवातीलाच एक विनंती करतो: हा भाग सायकल चालवताना ऐकू नका. कानात हेडफोन असले की मागून येणारी उसाची डबल ट्रॉली ऐकू येत नाही, आणि दिवाळीनंतर आपल्या रस्त्यांवर तिचंच राज्य असतं. घरी पोचल्यावर ऐका, बसमध्ये ऐका, भाजी निवडताना ऐका.

आज लांब पल्ल्याच्या ग्रुप सायकलिंगबद्दल बोलायचंय. सायकल कोणती घ्यावी, किती गिअरची घ्यावी, हा आजचा विषय नाही. त्यावर ढीगभर व्हिडिओ आहेत. आजचा प्रश्न वेगळाय. आठ-दहा माणसं, एकमेकांशी धड ओळखही नसलेली, शंभर-दीडशे किलोमीटर सोबत सायकल चालवतात आणि परत येईपर्यंत एकमेकांची झालेली असतात. हे होतं कसं? आणि काही ग्रुपमध्ये वर्षानुवर्षं सोबत चालवूनही ते का होत नाही?

हा प्रश्न मला का पडतो तेही सांगतो. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. बीटेक झालं, मग पुण्यात नोकरी लागली. आता महिन्यातले दोन आठवडे जिंतूरहून काम करतो. वर्गातली निम्मी पोरं पुण्यात, काही हैदराबादला, एकदोघं देशाबाहेर. शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. रोज गुड मॉर्निंग पडतं, वाढदिवसाला केकचा फोटो पडतो. पण रात्री अकराला फोन करून 'जरा येतोस का?' असं कुणाला म्हणता येईल, हे मोजायला बसलं तर एका हाताची बोटंसुद्धा जास्त होतात. तुमचंही फार वेगळं नसणार. शाळेत दोस्ती करावी लागत नाही, बाकाला बाक लागलेला असतो, ती होऊन जाते. पंचविशीनंतर ती अशी आपोआप होत नाही. सोबत काहीतरी करावं लागतं, आणि परत परत करावं लागतं.

वाऱ्याचा हिशोब

ग्रुपनं सायकल का चालवायची, असं कुणालाही विचारा. पहिलं उत्तर येतं: वारा. एकामागं एक चाललं की पुढचा वारा फोडतो आणि मागच्याला सोपं जातं. हे खरंच आहे, आणि मोजलेलंही आहे. ताशी ३२ किलोमीटरला दुसऱ्याच्या मागं चालवणाऱ्याला ऑक्सिजन साधारण १८ टक्के कमी लागतो. ताशी ४० ला साधारण २७ टक्के. आठ जणांच्या घोळक्यात मागं राहिलात तर ताशी ४० ला हा आकडा ३९ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून टीव्हीवर टूर द फ्रान्समध्ये दीडशे सायकलवाले मधमाश्यांच्या मोहोळासारखे चिकटून चाललेले दिसतात.

पण आपण कुठं ताशी ४० नं जातो? जिंतूर–परभणी रस्त्यावर, बोरी आणि झरी ओलांडत, आपण चालवतो ताशी १८ ते २२ नं. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. म्हणजे वेग निम्मा केला की वारा निम्मा नाही, पाव होतो. आपल्या वेगाला ही बचत अगदीच थोडी. शिवाय खड्ड्यांच्या रस्त्यावर पुढच्याच्या चाकाला चाक लावून चालवणं धोक्याचं, त्यामुळं अंतर ठेवावंच लागतं. ते ठेवलं की उरलीसुरली बचतही गेली.

म्हणजे वाऱ्याच्या हिशोबानं बघितलं तर आमच्यासारख्यांनी ग्रुपनं सायकल चालवायचं फारसं कारण उरत नाही. तरी आम्ही चालवतो. तर मग ग्रुपमधून मिळतं काय?

दोन पद्धती

इथं थोडा इतिहास, कारण हा वाद शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेलाय.

१८९७ साली इटलीत १२ जणांनी ठरवलं, रोमहून नेपल्सला सायकलनं जायचं, २३० किलोमीटर, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. त्या प्रकाराला नाव पडलं ऑडॅक्स. लॅटिन शब्द आहे, अर्थ धाडसी. १९०४ मध्ये हे फ्रान्समध्ये आणलं आंरी देग्रांज यांनी, ज्यांनी आदल्याच वर्षी टूर द फ्रान्स सुरू केली होती. गंमत बघा, एकाच माणसानं एकीकडं जगातली सगळ्यात मोठी शर्यत काढली आणि दुसरीकडं शर्यत नसलेलं सायकलिंग. ऑडॅक्समध्ये सगळ्यांनी सोबत चालायचं. पुढं रोड कॅप्टन, त्यानं ठरलेला वेग धरायचा, पुढं ताशी साडेबावीस किलोमीटर हा वेग पक्का झाला. कॅप्टनच्या पुढं कुणी जायचं नाही.

मग १९२१ मध्ये फाटे फुटले. पॅरिसच्या एका क्लबनं, ऑडॅक्स क्लब पॅरिसियननं, दुसरी पद्धत आणली: अंतर ठरलेलं, वेळेची मर्यादा ठरलेली, पण वेग ज्याचा त्याचा. आज भारतात पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरला ज्या ब्रेव्हे होतात त्या ह्या दुसऱ्या पद्धतीच्या. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. ह्या चारही एका हंगामात पूर्ण केल्या की सुपर रँडोनिअर. ह्या जगाची पंढरी म्हणजे पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस, १२०० किलोमीटर, ९० तास, चार वर्षांतून एकदा. मागची २०२३ ला झाली, पुढची २०२७ ला.

ब्रेव्हेमध्ये निकालात पहिला-दुसरा नंबर नसतो. सपोर्टची गाडी मागं ठेवता येत नाही, मदत घ्यायची तर ठरलेल्या कंट्रोलवरच. पण सोबत चालवणाऱ्यानं रस्त्यात मदत केली तर चालते. हा नियम फार हुशारीचा आहे. बाहेरची मदत बंद केली की शेजारचा अनोळखी माणूस एकदम महत्त्वाचा होतो. रात्री दोनला तुमची ट्यूब फाटली आणि तुमच्याकडची संपली, तर ज्याच्याकडं आहे तोच तुमचा भाऊ.

तरी ब्रेव्हेमधली दोस्ती वेगाच्या जोडीवर चालते. तुमच्याइतक्याच वेगाचा कुणीतरी भेटतो, रात्रभर दोघं सोबत राहता. जो सगळ्यात हळू आहे, तो मात्र बऱ्याचदा एकटाच येतो. पद्धत चुकीची नाही, तिचा उद्देशच वेगळाय. पण मला आज दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलायचंय. सगळ्यांनी सोबत निघायचं आणि सगळ्यांनी सोबत पोचायचं.

हे आपल्याला नवीन नाही

हे वाचता-ऐकताना मला सारखं वाटायचं, अरे, हे तर आपण आधीपासून करतोय. वारी म्हणजे काय? शेकडो वर्षं चालू असलेला, लाखो लोकांचा, ठरलेल्या मुक्कामांचा लांब पल्ल्याचा ग्रुप. आपल्या परभणी जिल्ह्यातूनच शेगावच्या गजानन महाराजांची पालखी जाते, परभणी शहरातून पुढं गंगाखेडला, जनाबाईच्या गावाला. रस्त्याच्या कडेला उभं राहून ती बघितली असेल तर दोन सरळ ओळी आठवतील. कुणी मध्ये घुसत नाही, कुणी पुढं पळत नाही.

आळंदीच्या पालखीत तर व्यवस्था आणखी बारीक आहे. रथाच्या पुढं २७ दिंड्या, मागं त्याहून कितीतरी जास्त, प्रत्येकीला नंबर आणि नंबरप्रमाणं जागा. भक्तीचा भाग तुम्हाला माहितीच आहे, मी व्यवस्थेकडं बघतोय. मुक्कामाच्या ठिकाणी रोज संध्याकाळी समाजआरती होते. चोपदार दंड वर करतो आणि सगळ्या दिंड्यांचे टाळ-मृदंग थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीकडं जातो, विचारतो, सोडवतो. कुणाचं काय हरवलं, काय सापडलं, तेही तिथंच सांगतात.

मी सॉफ्टवेअरवाला, मला हे ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. एवढा मोठा चालता समुदाय, आणि तक्रार करायला अर्ज नाही, भांडण नाही, फक्त टाळ थांबवायचा नाही. दिवस संपायच्या आत मनातलं निघालं पाहिजे, ही त्यामागची समज. कारण उद्या परत सोबतच चालायचंय.

आणि वारीनं सायकललाही जागा करून दिलीय. २०१२ साली नाशिकला, तेव्हाचे पोलीस अधिकारी हरीश बैजल यांच्या पुढाकारानं, नाशिक–पंढरपूर सायकल वारी सुरू झाली. पहिल्या वर्षी मोजके जण होते, पुढं शेकड्यांनी निघायला लागले. त्यात डॉक्टर आहेत, पोलीस आहेत, शाळेतली पोरं आहेत, साठी ओलांडलेले आजोबा आहेत. नाशिक सायकलिस्ट फाउंडेशन ही वारी दरवर्षी काढतं आणि पंढरपुरात सायकलींचं रिंगणही करतं. नंतर महाराष्ट्रात ठिकठिकाणचे ग्रुप अशा वाऱ्या करायला लागले.

त्याच नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ. एक भूलतज्ज्ञ, एक दातांचे डॉक्टर. २०१५ मध्ये दोघांनी टीम म्हणून रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत साधारण ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. त्या प्रकारात एक चालवतो तेव्हा दुसरा विश्रांती घेतो. म्हणजे तुमची झोप दुसऱ्याच्या पायांवर अवलंबून. ह्यापेक्षा सरळ व्याख्या मला तरी सोबतीची माहीत नाही.

आमचे नियम

आता आमच्याकडं येऊ. आमचा ग्रुप छोटा आहे, नऊ ते बारा जण. एक बँकेतले काका, दोन शिक्षक, एक मेडिकलवाला, दोन शेतकरी, एक मोटारसायकल मेकॅनिक, दोन ताई, आणि माझ्यासारखे लॅपटॉपवाले. रविवारी कधी येलदरी धरण, कधी चारठाणा, कधी औंढा नागनाथ. जोर असला तर परभणी जाऊन-येऊन. सायकली सगळ्या प्रकारच्या. कुणाची चाळीस हजारांची, कुणाची साधी काळी, बिनगिअरची, मागं कॅरिअर आणि समोर घंटी असलेली.

नियम पाच आहेत. कुठं लिहिलेले नाहीत, पण नवा माणूस आला की निघायच्या आधी सांगतो.

पहिला: ग्रुपचा वेग म्हणजे शेवटच्याचा वेग. हे निघायच्या आधी ठरतं, रस्त्यात नाही. रस्त्यात ठरवलं की जो मागं राहतो त्याला ओशाळं वाटतं, 'माझ्यामुळं सगळे थांबले'. आधीच ठरलं असेल तर तो नियम असतो, मेहरबानी नसते. हा फरक फार मोठा आहे.

दुसरा: ज्याच्या पायात सगळ्यात जास्त जोर, तो सगळ्यात मागं. त्याच्याकडं पंप, पाना, पॅच, जास्तीचं पाणी. आमचा मेकॅनिक ते करतो. तो पुढं निघाला तर वीस मिनिटांत दिसेनासा होईल, म्हणूनच तो मागं. आमच्या कामात सर्व्हर एकमेकांना ठरावीक वेळानं 'मी जिवंत आहे' असा निरोप पाठवतात, त्याला हार्टबीट म्हणतात. मागून त्याची दोनदा घंटी वाजली की पुढच्यांना कळतं, सगळे आहेत.

तिसरा: जे दिसतं ते ओरडून सांगायचं. 'खड्डा डावीकडं!' 'मागून ट्रक!' 'कुत्रं!' पहिल्यांदा लाज वाटते. पण विचार करा, दिवसभरात आपल्या भल्यासाठी कुणी किती वेळा ओरडतं? सायकलवर ते शंभर वेळा होतं. अनोळखी माणसाबद्दलचा विश्वास मोठ्या गोष्टींनी बसत नाही, अशा शंभर खड्ड्यांनी बसतो.

चौथा: खाणं सगळ्यांचं. निघताना कुणी धपाटे आणतं, कुणी शेंगदाणे-गूळ, कुणी केळी, कुणी मीठ-साखर-लिंबाचं पाणी. थांबलो की सगळं एका गमछ्यावर. आपापल्या डब्यातून आपापलं खायचं नाही.

पाचवा: परत आल्यावर चहा झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. चहावर एकच प्रश्न, 'कुणाला काय खटकलं?' ही आमची समाजआरती म्हणा. एकदा मोठ्या ताईंनी टाळ वाजवत ठेवला, म्हणजे स्पष्ट बोलल्या: 'तुम्ही पहाटे साडेचारला निघता. अंधारात घरून निघायचं आम्हाला जमत नाही, घरचे नाही म्हणतात. मग आम्ही ग्रुपमध्ये आहोत की नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपवर?' त्या दिवसापासून आम्ही उजाडल्यावर निघतो. उन्हाळ्यात ह्याची किंमत मोजावी लागते, दहालाच डोकं तापतं, म्हणून मे महिन्यात अंतरच कमी केलं. शेवटच्याचा वेग हा नियम फक्त पायांचा नाही. ज्याची अडचण सगळ्यात मोठी, त्याच्यावरून वेळ ठरते.

बालाघाटाचा चढ

मागच्या डिसेंबरात आम्ही जिंतूरहून पंढरपूरला गेलो. परभणी, गंगाखेड करत पहिला मुक्काम परळी. मग अंबाजोगाई, कळंब करत दुसरा बार्शी. तिसऱ्या दिवशी कुर्डुवाडीवरून पंढरपूर. तीनशेच्या पुढं किलोमीटर होतात.

परळी सोडली की अंबाजोगाईकडं बालाघाटाचा चढ लागतो. बँकेतले काका, वय चोपन्न, सायकल तीच काळी. अर्ध्या चढावर ते उतरले आणि हातानं ढकलत चालायला लागले. मागं मेकॅनिक होताच. तोही उतरला. त्याला गरज नव्हती, तो तो चढ गाणं म्हणत चढला असता. काका म्हणाले, 'तू जा की रे, कामून थांबलास?' तो म्हणाला, 'मला पण पाय मोकळे करायचेत.' दोघं चालत वर आले, पाऊण तास लागला. आम्ही वर झाडाखाली बसलो होतो. कुणी घड्याळ बघितलं नाही.

त्या पाऊण तासात काका त्याच्याशी काय बोलले, ते त्यानं आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. पण तेव्हापासून काकांच्या मुलाच्या ऑपरेशनच्या तारखा त्याला पाठ असतात, आणि दवाखान्यात रात्री झोपायला तो जातो. हे मला काकांनी नंतर स्वतः सांगितलं आणि 'सांग लोकांना' असंही म्हणाले, म्हणून सांगतोय.

मला वाटतं, शेजारी-शेजारी चालताना माणूस जे बोलतो ते समोरासमोर बसून बोलत नाही. डोळे रस्त्यावर असतात. बोललं तर बोललं, नाही तर धाप लागल्याचं निमित्त आहेच. विशेषतः आपल्याकडच्या बाप्या माणसांना 'मला त्रास होतोय' हे वाक्य टेबलावर बसून जमत नाही. चढावर जमतं.

एक रविवार

आता जे सांगणार आहे ते ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारून सांगतोय, नाव-गाव नाही.

आमच्यातला एक शेतकरी. सोयाबीन काढणीला आलेलं आणि पाऊस थांबेना. शेतात गुडघाभर पाणी, शेंगांना कोंब फुटलेले. तो रविवारी यायचा बंद झाला. ग्रुपवर त्यानं एकदाच लिहिलं, 'ह्या वर्षी काही खरं नाही.' त्याखाली आम्ही सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले. कुणी 'काळजी घ्या' लिहिलं, कुणी 'सरकारनं मदत केली पाहिजे' लिहिलं. मग कुणीतरी एक व्हिडिओ टाकला आणि ते वर सरकून गेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर दुःखाची हीच गत होते, त्याला कुणी एकटा जबाबदार नसतो.

तिसऱ्या रविवारी धाकट्या ताई निघताना म्हणाल्या, 'आपला शेवटचा कुठाय?' क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कळलं. त्या दिवशी येलदरीला जायचं ठरलं होतं, ते रद्द केलं आणि त्याच्या गावाकडं वळलो. काळ्या मातीचा रस्ता, पावसानं झालेला चिखल, चाकात माती अडकून चाक फिरेना. शेवटचे तीन किलोमीटर सायकली हातानं नेल्या, एकदोघांनी तर खांद्यावर.

तिथं जाऊन आम्ही काही मोठं केलं नाही. भाषण नाही, सल्ला नाही. कर्जाचं, विम्याचं आम्ही विचारलं नाही. त्याच्या आईनं चहा केला. त्यानं शेत दाखवलं, आम्ही बघितलं. मेकॅनिकनं त्याच्या सायकलची गंजलेली चेन काढली, तेल घातलं, परत बसवली. निघताना एवढंच म्हणाला, 'चेन केलीय. गाडी तयार आहे.'

त्याच्या पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला. हळू चालवत होता, वजन उतरलं होतं. त्या दिवशी आमचा वेग ताशी १४ होता. नुकसान भरून निघालेलं नाही, ते सायकलनं भरतही नाही, हे सगळ्यांना माहिती आहे. मला एवढंच सांगायचंय की सहा महिने आधीपासून 'शेवटच्यासाठी थांबायचं' ही सवय पायांना लागलेली होती, म्हणून त्या दिवशी ताईंच्या तोंडून तो प्रश्न निघाला. वेळ आल्यावर माणुसकी शोधायला गेलं तर सापडतेच असं नाही. रोज थोडी थोडी वापरात असावी लागते.

'पण मग व्यायाम कधी?'

हे मला नेहमी विचारतात. वेगवान पोरांना कंटाळा येतो, अ‍ॅपवर स्पीड दिसत नाही, दम लागत नाही. बरोबर आहे. त्यावर आमचं उत्तर सरळ आहे: बुधवारी जोरात चालवा, एकटे किंवा जोडीनं, हवं तेवढं. नेमगिरीच्या डोंगराकडं दहा चकरा मारा. रविवार मात्र सगळ्यांचा. दोन्ही हवं, पण एकाच दिवशी दोन्ही करायला गेलात की ग्रुप तुटतो. मी तीन ग्रुप असे तुटलेले बघितलेत. भांडण होत नाही. मागचा माणूस एक दिवस येत नाही, कुणी विचारत नाही, दुसऱ्या रविवारी त्याच्या आधीचा माणूस मागचा होतो, आणि हळूहळू दोन जण उरतात.

आणि 'चांगली सायकल नाही' म्हणून थांबू नका. आपल्याकडचा खरा जुना सायकल ग्रुप कोणता माहितीय? सकाळी खेड्यातून शाळेला येणाऱ्या पोरींचा. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्या सायकलींवर पाच-सहा जणी सोबत येताना तुम्ही कुठंही बघा. एकीची चेन उतरली की सगळ्या उतरतात. एकीला सोडून पुढं जायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. सोबत असलं की रस्ता आपला असतो, हे त्यांना रोजच्या रोज कळतं. हेल्मेट घालून आम्ही जे रविवारी शिकतो, ते त्या सोमवार ते शनिवार करतात.

तर ज्यांना सुरू करायचंय त्यांच्यासाठी शेवटचं. तीन माणसं पुरे. पहिल्यांदा वीस किलोमीटर, शंभर नाही. निघायच्या आधी ठरवा सगळ्यात मागं कोण, आणि तो सगळ्यात दमदार हवा. ट्यूब, पॅच, पंप, पाणी, हेल्मेट, मागचा लाल लाईट, ह्यात तडजोड नाही. आणि एखादा रविवारी आला नाही तर संध्याकाळी त्याला मेसेज नको, फोन करा. 'कामून आला नाहीस?' एवढंच विचारा.

तुमच्या गावात असा ग्रुप असेल तर तुमचे नियम काय आहेत, ते मला व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवीन. नसेल तर ह्या रविवारी दोन जणांना फोन लावा. भेटू पुढच्या भागात. हळू चालवा, मागं बघत चालवा. राम राम!